उन्हाळ्यात इन्सुलिन, ऑक्सिटोसिन आणि इतर हार्मोन्सची इंजेक्शनं: उष्णतेनं नेमकं काय बिघडतं?

अडुळसा:

एप्रिल लागला की औषधाच्या दुकानात एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "रात्रभर लाइट नव्हती, इंजेक्शन वाया गेलं का?" याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण हार्मोन्सची सगळी इंजेक्शनं एका जातीची नसतात. म्हणून हा धागा.

ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिला, पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि पेप्टाइडं (छोटी प्रथिनं): इन्सुलिन, ग्रोथ हार्मोन, टेरिपॅराटाइड (ठिसूळ हाडांवरचं), लिराग्लुटाइड-सेमाग्लुटाइड (मधुमेहावरची), ऑक्सिटोसिन (प्रसूतीतलं). उष्णतेला सगळ्यात हळवा गट हाच. दुसरा, कोरड्या पावडरीच्या रूपातली: एचसीजी, एचएमजी (दोन्ही वंध्यत्वाच्या उपचारांतली), ग्लुकागॉन (साखर फार उतरल्यावर द्यायचं). पावडर असेपर्यंत ही बऱ्यापैकी टिकतात, पाणी मिसळलं की पहिल्या गटात जातात. तिसरा, तेलातली किंवा कणांच्या रूपात तरंगणारी स्टेरॉइड हार्मोन्स: टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट, प्रोजेस्टेरॉन, 'अंतरा' या तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनातलं डीएमपीए. यांना फ्रिज लागत नाही, उलट काहींना थंडीचाच त्रास होतो.

पहिल्या गटाचा नियम असा. न उघडलेली व्हायल किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवलं तर छापील मुदतीपर्यंत चालतं. वापरायला काढलेलं बहुतेकदा बाहेर ठेवता येतं, पण कंपनीनं सांगितलेल्या कमाल तापमानाखाली (काहींचं २५, बहुतेकांचं ३० अंश) आणि ठरावीक दिवसच. लांब पल्ल्याच्या इन्सुलिनांपैकी ग्लार्जिन ४ आठवडे, डेग्लुडेक ८ आठवडे, लिराग्लुटाइडचं पेन ३० दिवस, त्याच जातीचं न वापरलेलं ड्युलाग्लुटाइड फ्रिजबाहेर फक्त १४ दिवस. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका, खोक्यातलं पत्रक फेकू नका.

घोटाळा होतो तो 'रूम टेंपरेचर' या शब्दांनी. पत्रकातली खोली २५-३० अंशांची आहे. मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या पत्र्याच्या घरात दुपारी ४० च्या वर पारा असतो. "बाहेर ठेवलं तरी चालतं असं डॉक्टर म्हणाले" हे वाक्य अशा घराला लागू पडत नाही.

आणखी एक. झालेलं नुकसान साठत जातं. चार दिवस बाहेर राहिलेली व्हायल परत फ्रिजमध्ये ठेवली की पुढचा ऱ्हास मंदावतो, पण गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

पिपेट:

चांगला धागा. आत काय घडतं ते थोडं सांगतो, म्हणजे 'दिसायला तर स्वच्छ आहे' हा भरवसा का पुरत नाही ते कळेल.

इन्सुलिनमध्ये दोन वेगळ्या प्रक्रिया चालतात. एक रासायनिक: रेणूतल्या अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लाचं रूप बदलतं (डीअमिडेशन), काही रेणू एकमेकांना कायमचे चिकटून जोड्या बनतात. ही प्रक्रिया फ्रिजमध्येही चालू असते, फक्त फार सावकाश. तापमान १० अंशांनी वाढलं की असा वेग साधारण दुप्पट ते चौपट होतो. यात द्रावण गढूळ होत नाही, रंगही बदलत नाही.

दुसरी भौतिक: व्हायलमध्ये इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधारानं एकत्र बांधलेले असतात. द्रावणातला फिनॉल किंवा क्रेसॉल (तोच तो दवाखान्यासारखा वास) जंतू मारतो आणि ही बांधणीही घट्ट ठेवतो. उष्णता वाढली की बांधणी सुटते, सुटा रेणू उलगडतो, आणि उलगडलेले रेणू एकमेकांवर रचत जाऊन तंतू बनतात. हे तंतू परत विरघळत नाहीत. उष्णतेच्या जोडीला हलणं आणि हवेची पोकळी असेल तर हे फार झपाट्यानं होतं. म्हणून अर्धी रिकामी व्हायल मोटरसायकलच्या डिकीत दिवसभर हिंदकळत फिरणं हे, तेवढ्याच तापमानाला कपाटात शांत पडून राहण्यापेक्षा पुष्कळ वाईट.

थोडक्यात: मुळात स्वच्छ असलेल्या इन्सुलिनमध्ये तंतू किंवा गढूळपणा दिसला तर व्हायल नक्की गेली. दिसला नाही तर ती चांगली आहे असं सिद्ध होत नाही.

कोरडवाहू:

एक शंका. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानावर बेतलेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला होता. दिवसा ३७, रात्री २५ अशा चढउतारात ४ आठवडे ठेवलेलं इन्सुलिन फ्रिजमधल्या इतकंच चांगलं निघालं. मग आमच्याकडे फ्रिज नसलेल्या घरांना इतकं घाबरवायचं कशाला?

पिपेट:

@कोरडवाहू, तो अभ्यास 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठाचा. काम भक्कम आहे आणि त्याचा अर्थ मोठा आहे: फ्रिज नाही म्हणून कुणाला इन्सुलिन नाकारू नये. कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा) न उघडलेलं मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवता येईल असा निष्कर्ष आहे.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कमाल ३७ आणि रात्री उतार. विदर्भात मेमध्ये रात्रीसुद्धा ३० च्या खाली येत नाही असे दिवस असतात आणि दुपार ४४-४५ ची. दोन, पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतल्या २००९ च्या अभ्यासात ३२ आणि ३७ अंशांना २८ दिवसांनी सुमारे १४ ते १८ टक्के घट दिसली होती. म्हणजे निकाल सगळीकडे सारखे नाहीत. मी स्वतः ३७ ही लक्ष्मणरेषा धरतो: त्याखाली ४ आठवड्यांचा हिशेब चालवायचा, त्यावर गेलं की सावध व्हायचं.

रानजाई:

मधुमेहाच्या रुग्णांना शिकवणाऱ्यांच्या बाजूनं काही.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा) असलेल्यानं "गरम झालंय, आता नवीन मिळेपर्यंत नको" असं म्हणून डोस चुकवू नये. १५ टक्के ताकद गेलेलं इन्सुलिन आणि शून्य इन्सुलिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांतच रक्त आम्लधर्मी करणारा, जिवावर बेतणारा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. हाताशी असलेलं घ्या, साखर जास्त वेळा तपासा, आणि त्याच दिवशी नवीन आणा. अपवाद एकच, द्रावणात गाठी, धागे किंवा मुळात स्वच्छ असलेल्या इन्सुलिनमध्ये गढूळपणा दिसत असेल तर ते टोचायचं नाही, तातडीनं दुसरं मिळवायचं.

तपासायचं कसं? रेग्युलर, अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो, ग्लार्जिन, डेग्लुडेक ही पाण्यासारखी स्वच्छ हवीत. व्हायल पांढऱ्या कागदासमोर आणि मग काळ्या कापडासमोर धरा: पिवळट झाक पांढऱ्यावर कळते, तरंगणारे धागे काळ्यावर. एनपीएच (मध्यम पल्ल्याचं) आणि ३०/७० (रेग्युलर आणि एनपीएचचं मिश्रण) ही इन्सुलिनं मुळातच दुधाळ असतात. ती तळहातांमध्ये १० वेळा फिरवा, १० वेळा हळू उलटसुलट करा. मग सगळीकडे एकसारखा पांढरा रंग हवा. तळाशी न फुटणारी गाठ राहिली किंवा काचेच्या आतल्या भिंतीवर पांढरे कण चिकटून धुक्यासारखा थर दिसला तर टाकून द्या. जोरानं हलवू नका, का ते पिपेट यांनी सांगितलंच आहे.

आता सर्रास होणारी एक गोष्ट, आणि ती धोक्याची आहे. साखर वाढत चालली की लोक डोस वाढवतात. २० युनिटचे २४, मग २८. पुढच्या आठवड्यात नवी, पूर्ण ताकदीची व्हायल उघडतात आणि तेच २८ युनिट घेतात. रात्री साखर ४०-५० पर्यंत खाली. इन्सुलिन कमजोर झाल्याची शंका असेल तर डोस वाढवू नका, व्हायल बदला. नव्या व्हायलवर जुन्याच डोसनं साखर खाली आली तर उत्तर मिळालं. नाही आली तर डॉक्टरांकडे जा, कारण दुसरं काही असू शकतं: संसर्ग, टोचण्याच्या जागी झालेल्या गाठी, किंवा सिरिंज.

सिरिंजचं मुद्दाम सांगते. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या व्हायल आणि १०० युनिटची पेन-कार्ट्रिज दोन्ही चालतात. लाल टोपीची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजनं २० ची खूण भरली तर प्रत्यक्षात ८ च युनिट जातात. दोष मात्र उन्हाला मिळतो.

उन्हाळ्यात उलटही घडतं. तापलेल्या त्वचेखाली रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं. उन्हात काम करून किंवा गरम पाण्यानं आंघोळ करून लगेच टोचलं तर साखर अचानक उतरू शकते. आणि ग्लुकोमीटर: बहुतेक मीटर ४० अंशांच्या आसपासपर्यंतच काम करतात, पट्ट्यांची डबी साधारण ३० अंशांखाली ठेवायची असते. उघडी राहिलेली, तापलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते. इन्सुलिनवर ठपका ठेवण्याआधी नव्या डबीतल्या पट्टीनं एकदा तपासा.

कोरडवाहू:

@पिपेट, @रानजाई, नीट कळलं. आता व्यवहाराचं बोलू. फ्रिज नाही, किंवा फ्रिज आहे पण लाइट आठ-आठ तास जाते. माठाचा उपाय खरंच किती चालतो?

बर्फपेटी:

शीतसाखळीच्या कामातला माणूस म्हणून सांगतो: कोरड्या हवेत उत्तम चालतो, दमट हवेत जवळजवळ नाही. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या पृष्ठभागाला सैद्धांतिक मर्यादा साधारण २३ अंशांची. प्रत्यक्षात माठात २६-२८ मिळाले तरी भरपूर झालं. मुंबई-रत्नागिरी-पणजीकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तीच मर्यादा २९ च्या पुढे जाते. तिथे माठानं चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक पडत नाही.

रचना अशी करा. एक मोठा, एक लहान, दोन्ही विनाचकाकीचे कच्च्या लाल मातीचे माठ. मोठ्यात तळाला चार बोटं वाळू, त्यावर लहान माठ, मधल्या फटीत वाळू भरून पाण्यानं चिंब. इन्सुलिन झिपच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा लहान माठात. वर झाकण आणि ओलं सुती कापड. सावलीत, पण वारा येईल अशा जागी, जमिनीपासून उचलून तिवईवर. कोंदट कोपऱ्यात ठेवला तर उपयोग नाही. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी.

चुका बहुधा याच होतात: व्हायल थेट पाण्यात सोडणं (लेबल सुटतं, तारीख पुसते, रबरी बूच घाण होतं), रंग लावलेला माठ वापरणं (छिद्रं बुजलेली असतात), आणि जड पाण्याच्या भागात वर्षानुवर्षं तोच माठ वापरणं. क्षार साचून छिद्रं बंद होतात. बाहेरून घासा किंवा माठ बदला. सुदानमध्ये मधुमेहींसाठी अशा मातीच्या भांड्यांची मोजमापं झाली आहेत, तिथे सगळ्याच प्रकारांनी तापमान उतरवलं होतं.

पण अंदाजानं चालू नका. कमाल-किमान नोंद ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आत ठेवा. औषध वाचवण्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच.

बोरीबंदर:

मग आम्ही मुंबईकरांनी काय करायचं? घरात फ्रिज आहे, पण तोही भरवशाचा नाही असं ऐकतो.

बर्फपेटी:

घरच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन उष्णतेनं जातं त्याहून जास्त वेळा ते गोठून जातं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नाही. एनपीएचचे स्फटिक गोठताना एकत्र चिकटतात, मग प्रत्येक डोस वेगळ्या ताकदीचा होतो.

एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या खालचा ट्रे शून्याखाली जातो, तिथे कधीच नाही. मागच्या भिंतीला टेकवून नाही, तिथेही बर्फ धरतो. नो-फ्रॉस्टमध्ये थंड हवेच्या झरोक्यासमोर नाही. दार सतत उघडतं, तिथे चढउतार होतो. मधला कप्पा, पुढच्या बाजूला, मूळ खोक्यासकट एका प्लास्टिकच्या डब्यात. उन्हाळ्यात फ्रिजची खुंटी '७' वर नेतात, नेमकं तेव्हाच औषध गोठतं. थर्मामीटर पाहून फिरवा, ४-५ अंशांवर आणा.

भारनियमनासाठी: रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, त्या थंडावा धरून ठेवतात. न उघडता फ्रिज साधारण चार तास टिकतो. त्याहून मोठा खंड अपेक्षित असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये फ्रिजमधलं थंड पाणी अर्धं भरा, त्यात झिपच्या दुहेरी पिशवीत इन्सुलिन. बर्फाचे खडे नकोत.

आइसपॅक वापरायचाच असेल तर लसीकरणातली पद्धत पाळा. फ्रीझरमधून काढलेला पॅक बाहेर ठेवायचा, वरचं पांढरं दंव जाऊन घाम येईपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत. तोवर तो शून्याखाली असतो. तरीही व्हायल आणि पॅकमध्ये पुठ्ठा किंवा दुमडलेला टॉवेल हवा. दुकानदार फ्रीझरमधला कडक जेलपॅक इन्सुलिनला रबरबँडनं बांधून देतात, ते तिथल्या तिथे सोडवून घ्या.

अडुळसा:

खरेदीबाबत भर घालतो. दुकानाचा फ्रिज रात्री बंद होतो का, हे विचारायला संकोच करू नका. खोक्यावर पाण्याचे डाग, सुरकुतलेलं लेबल दिसलं तर आधी बर्फात होतं समजा. सकाळी घ्या आणि सरळ घरी न्या, गाडीत ठेवून बाजार उरकू नका. उन्हात बंद उभ्या असलेल्या कारचा डॅशबोर्ड ६० अंशांवर सहज जातो. घरपोच मागवलं असेल तर वॉचमनच्या टेबलावर दुपारभर पडू देऊ नका. आणि उघडल्याची तारीख व्हायलवरच पेननं लिहा, खोक्यावर नाही. खोकं हरवतं.

बोरीबंदर:

पेनबद्दल एक प्रश्न. ग्लार्जिनच्या पत्रकात वापरातलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका असं लिहिलंय. मेमध्येही?

रानजाई:

त्या सूचनेमागची कारणं समजून घ्या. थंड इन्सुलिन टोचताना चुरचुरतं, आणि पेन सारखं आत-बाहेर केलं की आतलं द्रव आकुंचन-प्रसरण पावतं. सुई लावलेलीच राहिली असेल तर गरम झाल्यावर थेंब गळतात आणि थंड झाल्यावर हवा आत ओढली जाते. हवेचा बुडबुडा असला की दाब पुरा बसत नाही, सुई काढल्यावरही टोकाला थेंब येत राहतात, डोस कमी जातो. ३०/७० च्या पेनमध्ये तर गळतीमुळे उरलेल्या द्रावणाचं प्रमाणच बिघडतं.

खोली ३० च्या खाली राहत असेल तर पेन बाहेर ठेवा. ३५-४० च्या घरात फ्रिज हा दोहोंतला बरा पर्याय. मग दोन गोष्टी काटेकोर पाळायच्या: प्रत्येक वेळी सुई काढून टाकायची, आणि टोचण्याआधी अर्धा तास पेन बाहेर ठेवून २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते पाहायचं. टेरिपॅराटाइडचं मात्र उलट आहे. ते २८ दिवस वापरात असतानाही फ्रिजमध्येच ठेवायचं, टोचलं की लगेच परत.

इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांसाठी: नळी उन्हात कपड्याबाहेर लोंबकळू देऊ नका. पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांपेक्षा जास्त तापलं असेल तर साठा आणि नळी दोन्ही बदला. पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतं, त्यामुळे तिथे चूक झाली की काही तासांत कीटोन (कीटोअॅसिडोसिसची पूर्वखूण) दिसतात.

तिसरीपाळी:

इन्सुलिनवर चर्चा होतेच, पण प्रसूतिगृहातल्या ऑक्सिटोसिनकडे कुणी बघत नाही, आणि तिथे प्रश्न काही मिनिटांत जिवावर येतो. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत, ही रक्तस्राव रोखण्याची पहिली पायरी. ते इंजेक्शन अर्ध्या ताकदीचं असेल तर गर्भाशय आवळत नाही, आणि नेमकं कशामुळे हे त्या घाईत कळायला मार्ग नसतो.

ऑक्सिटोसिनची अँप्यूल खराब झाली तरी काचेसारखी स्वच्छच दिसते. लसीच्या बाटलीवर असतो तसा रंग बदलणारा चौकोन तिच्यावर नसतो. काही ब्रँडवर '२५ अंशांखाली' असं छापलेलं असतं, त्यामुळे कपाटात ठेवलं जातं. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि युएनएफपीए यांचं २०१९ चं संयुक्त निवेदन स्पष्ट आहे: ऑक्सिटोसिन २ ते ८ मध्येच ठेवायचं, आणि वेगळा फ्रिज नसेल तर लसींच्या शीतसाखळीत जागा द्यायची.

प्रत्यक्षात करायचं ते असं. पूर्ण खोकं प्रसूतीच्या ट्रेमध्ये मांडायचं नाही. त्या पाळीत लागतील तेवढ्याच अँप्यूल काढायच्या, ट्रेवर काढल्याची तारीख-वेळ लिहायची. सकाळी सिरिंज भरून दिवसभर तयार ठेवायच्या नाहीत. ट्रे ओटोक्लेव्हच्या (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) किंवा रेडियंट वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणारं यंत्र) शेजारी ठेवायचा नाही, तिथे खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. आधी मुदत संपणारं आधी वापरायचं. लसींच्या आयएलआरमध्ये (लसी ठेवायचा खास फ्रिज) ठेवताना वेगळ्या, ठळक नाव लिहिलेल्या डब्यात ठेवायचं, म्हणजे लसीकरणाच्या दिवशी हात चुकत नाही.

रक्तस्राव रोखण्याचं दुसरं इंजेक्शन, मिथाइलअर्गोमेट्रिन, तर उष्णता आणि उजेड दोन्हीला हळवं. तेही २ ते ८ मध्ये आणि अंधारात, म्हणून अँप्यूल तपकिरी काचेची असते. द्रावण पिवळट-तपकिरी दिसलं की टाकून द्या. (रक्तदाब जास्त असलेल्या बाईला ते देत नाहीत, हे वेगळं.)

पिपेट:

@तिसरीपाळी, उष्णतेला टिकणाऱ्या कार्बेटोसिनचाही उल्लेख हवा. ऑक्सिटोसिनचाच बदललेला रेणू आहे. ऑक्सिटोसिनमधला गंधकाचा पूल उष्णतेत तुटून दुसऱ्या रेणूशी जुळतो, कार्बेटोसिनमध्ये त्या पुलाची रचनाच वेगळी केलेली आहे. त्याचं उष्णतेला टिकणारं रूप ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तीन वर्षं टिकतं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत, नैसर्गिक प्रसूतीनंतर १०० मायक्रोग्रॅम कार्बेटोसिन हे ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं.

तिसरीपाळी:

बरोबर, पण ते फक्त रक्तस्राव टाळण्यासाठी. कळा आणण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी वापरायचं नाही, कारण परिणाम लांबतो आणि ड्रिपसारखा थांबवता येत नाही. आणि दोन्ही नसतील तिथे मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे. त्याला फ्रिज नको, पण दमटपणा चालत नाही. गोळ्या पत्ती कापून, सुट्या करून डबीत ठेवू नका.

निर्गुंडी:

'अंतरा'बद्दल आशाताईंकडून विचारणा होते: पर्समध्ये गरम झालं, चालेल का?

अडुळसा:

@निर्गुंडी, डीएमपीए हे स्टेरॉइड, १ मिलीत १५० मिग्रॅ, पाण्यात तरंगणारे बारीक कण. १५ ते ३० अंश ही जागा. दोन-चार तास पर्समध्ये गरम झालं म्हणून औषध मरत नाही. खरा त्रास कण तळाशी घट्ट बसण्याचा. टोचण्याआधी व्हायल जोरात हलवा (हो, इथे जोरात, इन्सुलिनचा नियम याला नाही) आणि तळ उलटा करून बघा, पांढरा थर चिकटलेला नको. चिकटलेला राहिला तर डोस कमी जातो आणि तीन महिन्यांआधीच संरक्षण संपू शकतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही आणि गरम शेकही द्यायचा नाही, त्यानं औषध लवकर शोषलं जातं. उष्णतेचा हा भाग औषध अंगात गेल्यानंतरचा आहे, तो बाईला सांगायला विसरू नये.

तेलातलं टेस्टोस्टेरॉन उष्णतेला बरंच सोसतं. थंडीत मात्र त्यात स्फटिक धरतात, तळाला साखरेसारखे कण दिसतात. व्हायल तळहातात धरून किंवा कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करा, हलवा, सगळं विरघळलं की वापरा. उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वारंवार सुई टोचायच्या व्हायलमध्ये काळजी तापमानापेक्षा बुचाच्या स्वच्छतेची करा.

केळफूल:

वंध्यत्वाच्या उपचारांतल्या इंजेक्शनांचं कुणीतरी लिहा. ती महाग असतात आणि चुकली तर पूर्ण महिना जातो.

पिपेट:

एचएमजीची पावडर साधारण २५ अंशांपर्यंत चालते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तीही फ्रिजमध्येच ठेवलेली बरी. पाणी मिसळायचं ते टोचण्याच्या वेळीच. द्रावक व्हायलच्या भिंतीवरून सोडायचं, गोल फिरवायचं, फेस होऊ द्यायचा नाही. एफएसएच (बीजं वाढवणारं हार्मोन) याच्या पेनचे नियम कंपनीनुसार बदलतात, पत्रक पाहा.

सगळ्यात जपायचं ते 'ट्रिगर'चं एचसीजी. ते बीजं काढण्याच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी एकदाच घेतात. ते कमजोर निघालं तर बीजं पक्व न होता हाती येतात किंवा येतच नाहीत, आणि तो डोस परत घ्यायला वेळ उरलेला नसतो. तयार भरलेली सिरिंज असेल तर ती घेण्याच्या दिवशीच केंद्राच्या फ्रिजमधून आणणं उत्तम. प्रवासात फार तापली अशी शंका असेल तर घेण्याआधी केंद्राला फोन करा, नंतर नाही.

ग्रोथ हार्मोन २ ते ८ मध्येच, आणि हलवायचं अजिबात नाही. हलवल्यानं गुठळ्या बनतात, ताकद जाते. ग्लुकागॉनची पावडर टिकते, पण मिसळल्यावर लगेच वापरायची, उरलेलं टाकायचं.

बोरीबंदर:

विमानप्रवासाचं राहिलं. आईवडील अमेरिकेला जाताहेत, तीन महिन्यांचं इन्सुलिन न्यायचंय.

अडुळसा:

@बोरीबंदर, हातातल्या बॅगेतच. चेक-इन सामानात गोठण्याची भीती, आणि सामान हरवलं तर सगळंच गेलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ खोकी सोबत. विमानात केबिनचा बर्फ मागून त्यात ठेवू नका, १८-२० तासांच्या प्रवासाला नुसती उष्णतारोधक पिशवी पुरते. आणि ४० च्या व्हायल नेत असतील तर लाल टोपीच्या सिरिंजही इथूनच पुरेशा न्या. तिकडे दुकानात बहुतेक १०० युनिटचाच माल मिळतो.

कोरडवाहू:

शेवटचा प्रश्न. वादळात खांब पडले, १४ तास लाइट नव्हती. फ्रिजमधला थर्मामीटर कमाल ३१ दाखवतोय. आत पाच न उघडलेल्या व्हायल आहेत, रेग्युलर आणि ३०/७०. टाकून द्यायच्या का?

रानजाई:

नाही, टाकू नका. ३१ अंशांनी काही तासांत त्या मरत नाहीत. आधी किमान आकडाही बघा: लाइट आल्यावर फ्रिज जोरात चालून शून्याखाली गेला नाही ना? गेला असेल तर ३०/७० मध्ये गाठी आहेत का तपासा, आणि गोठल्याची खात्री असेल तर त्या बाद.

गोठल्या नसतील तर पाचही व्हायलवर आजची तारीख टाका आणि वेगळ्या डब्यात ठेवा. परत २ ते ८ मध्ये ठेवा, पण छापील मुदत आता धरू नका. नव्या आणलेल्यांच्या आधी याच वापरा. एका माणसाला पाच व्हायल महिनाभरात संपणार नसतील तर जवळच्या आरोग्य केंद्राच्या औषधनिर्मात्याला थर्मामीटरचे दोन्ही आकडे दाखवून विचारा. पहिली उघडाल तेव्हा दोन-तीन दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा. नेहमीच्या डोसवर आकडे नेहमीसारखे आले तर पुढे चालू ठेवा.

कोरडवाहू:

किमान ३.८ आहे. तारखा टाकतो.